पळून जाण्याचा गुन्हा

कागदावर एकच वाक्य होतं. 'मी खाली सही करणारा माझ्या इभ्रतीची शपथ घेऊन सांगतो, की कोणत्याही परिस्थितीत पळून जाण्याचा प्रयत्न करणार नाही.' ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस सिंगापूरच्या चांगी छावणीतल्या ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन युद्धकैद्यांपुढे जपान्यांनी हा कागद ठेवला. मूठभर सोडले तर सही करायला कुणीच तयार होईना. तेव्हा पंधरा हजारांवर माणसं सेलारंग बराकीत नेऊन कोंडली. ही बराक इंग्रजांनी एका पलटणीसाठी बांधलेली. पंधरा हजार तोंडांना पाण्याचे नळ मोजून दोन. पुरेसे संडास नाहीत, म्हणून कवायतीच्या मैदानाचं डांबर फोडून चर खणायला घेतले, आणि त्या चरांपासून हाकेच्या अंतरावर भाताच्या चुली पेटल्या. हगवण पसरायला वेळ लागला नाही.

२ सप्टेंबरला चार कैद्यांना जवळच्या किनाऱ्यावर नेलं. चौघंही आधी पळून जाऊन पकडले गेलेले. त्यांतला ब्रेव्हिंग्टन नावाचा ऑस्ट्रेलियन कॉर्पोरल सांगत राहिला, की गेल हा माझा साथीदार, तो माझ्या हुकमावरून आला, त्याला सोडा. कुणालाच सोडलं नाही. गोळ्या झाडणारे हिंदी होते: जपान्यांच्या बाजूला गेलेले, नुकत्याच उभ्या राहिलेल्या पहिल्या आझाद हिंद सेनेतले पहारेकरी. सुभाषबाबू सिंगापूरला पोचायला तेव्हा अजून दहा महिने होते. नेम नीट लागले नाहीत आणि एका फैरीत काम भागलं नाही. आझाद हिंद सेनेवर अभिमानाने लिहिताना आपल्याकडे हा किनारा सहसा गाळतात. गाळू नये. त्या बंदुकांमागची माणसंही काही महिन्यांपूर्वी त्याच पराभवात कैद झाली होती. ज्या हिंदी कैद्यांनी सेनेत जायला नकार दिला, त्यांच्यातल्या हजारोंना न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनच्या बेटांवर हमाली करायला धाडलं, आणि त्यांतले पुष्कळजण परतले नाहीत. बंदूक हातात घेणं किंवा फावडं हातात घेणं, एवढीच त्यांची निवड.

शेवटी जपान्यांनी इस्पितळातले रोगीही त्या मैदानात आणून टाकायची धमकी दिली, आणि कैद्यांच्या अधिकाऱ्यांनी सही करा म्हणून हुकूम सोडला. ५ सप्टेंबरला सह्या झाल्या. काही ऑस्ट्रेलियनांनी 'नेड केली' अशी सही ठोकली. केली हा त्यांच्याकडचा नावाजलेला दरोडेखोर. आपल्याकडे सक्तीच्या कागदावर कुणी 'तंट्या भिल्ल' लिहून द्यावं, तसंच.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त नवल वाटतं ते त्या कागदाचं. चांगीला आधीच पहारा होता. बाहेर पडणाऱ्या गोऱ्या माणसाला लपायला जागा नव्हती. मग सहीचा एवढा हट्ट कशाला? पळणारा थांबावा म्हणून नव्हे. तो पकडला गेल्यावर त्याला काय म्हणायचं, हे आधीच ठरवून ठेवण्यासाठी. १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार पळताना पुन्हा पकडलेल्या युद्धकैद्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते आणि कोठडी जास्तीत जास्त ३० दिवसांची. जपानने त्या करारावर सही केली होती, पण तो मंजूर केला नव्हता. १९४२ मध्ये 'योग्य ते फेरफार करून पाळू' एवढंच कळवलं होतं. आता कैद्याकडून शपथ लिहून घेतली, की त्याचं पळणं हे पळणं उरत नाही, तो वचनभंग होतो. मार्च १९४३ मध्ये जपानने याचा कायदाच केला. शपथ मोडून पळणाऱ्याला तुरुंग, आणि टोळीने पळाले तर म्होरक्याला देहांतापर्यंत शिक्षा.

आधी जोर करून लिहून घ्यायचं आणि मग तू शब्द मोडलास म्हणायचं. ही युक्ती काही जपान्यांनी शोधलेली नाही. त्याकडे येतोच.

आपल्या भाषेत पळण्याला शब्द कितीतरी. माणूस पळतो, निसटतो, सटकतो, पोबारा करतो, फरार होतो. पण १६६६ साली शिवाजी महाराज आग्र्याहून निघाले, त्याला आपण यांतला एकही शब्द लावत नाही. शाळेच्या पुस्तकापासून ती 'आग्र्याहून सुटका' आहे. आणि फसलेला प्रयत्न? १९१० मध्ये सावरकरांनी मार्सेय बंदरात बोटीतून उडी घेतली. ते काठाला लागले, पण फ्रेंच शिपायाने त्यांना धरून इंग्रजांच्या हवाली केलं आणि हेगच्या लवादाने पुढच्या वर्षी इंग्रजांच्या बाजूने निकाल दिला. व्यवहारात पाहिलं तर तो प्रयत्न काही मिनिटांत संपला. तरी मराठीत ती 'त्रिखंडात गाजलेली उडी'च आहे. म्हणजे कैदेतून निघू पाहणारा फसला म्हणून हिणवायचा नसतो, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. आपण फक्त माणूस बघून शब्द बदलतो.

आता सोनकुराई. जपान्यांनी कैद्यांकडून बांधून घेतलेल्या सयाम-ब्रह्मदेश (सयाम म्हणजे आजचं थायलंड) रेल्वेच्या ४१५ किलोमीटर मार्गावर, थ्री पॅगोडा खिंडीच्या अलीकडे ही छावणी होती. एप्रिल १९४३ मध्ये चांगीहून 'एफ फोर्स' नावाने सात हजार कैदी हलवले. सांगितलं असं, की डोंगरात हवा चांगली, जेवण चांगलं, आजाऱ्यांनाही न्या. लोकांनी बँडची वाद्यं बरोबर घेतली, एक पियानोसुद्धा निघाला. मग पाच दिवस लोखंडी मालडब्यांतून प्रवास, आणि पुढे पावसाळ्याच्या तोंडावर सुमारे ३०० किलोमीटर रात्रीची पायपीट. पटकीने छावण्या गाठल्या. वर्ष संपून गणती झाली तेव्हा सात हजारांतले तीन हजारांवर मेलेले. सोनकुराईच्या ब्रिटिश छावणीत सोळाशेपैकी बाराशेच्या आसपास.

इथून ५ जुलै १९४३ ला दहाजण निघाले. नऊ ब्रिटिश, त्यांचा म्होरक्या लेफ्टनंट कर्नल विल्किन्सन, आणि दहावा नूर मोहम्मद नावाचा हिंदी कोळी. बेत असा, की पश्चिमेला डोंगर तोडत समुद्र गाठायचा आणि होडी मिळवायची. फक्त जीव वाचवायचा हेतू नव्हता. इथे काय चाललंय ते बाहेरच्या जगाला सांगायचं होतं. या रेल्वेवरच्या ब्रह्मदेशातल्या कैद्यांपुढे नागातोमो नावाच्या जपानी अधिकाऱ्याने आधीच भाषण ठोकलं होतं: पूर्वेला अफाट जंगल, पश्चिमेला अथांग समुद्र, उत्तरेला आणि दक्षिणेला आमचं सैन्य, पळाल तर जाल कुठे? बढाई होती, पण भूगोल खोटा नव्हता. त्या डोंगरांना वाट म्हणून नाही. बांबूची बेटं इतकी दाट, की दिवसभर कोयता चालवून अंतर हातावर मोजण्याइतकं पडतं. भात संपला. पायाच्या जखमा सडल्या. पाचजण वाटेतच गेले, विल्किन्सनही त्यांत. उरलेले ऑगस्टमध्ये कसेबसे एका वस्तीवर पोचले. त्या वस्तीने त्यांना जपान्यांच्या ताब्यात दिलं.

त्यांना मारायचंच ठरलं होतं. मध्ये पडला सिरिल वाइल्ड, फर्डं जपानी बोलणारा कॅप्टन. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर शरण गेलं तेव्हा पांढरं निशाण हातात धरून चालणारा तो हाच. त्याच्या रदबदलीने जीव वाचले. पुढे सिंगापुरात खटला, आणि आउट्रम रोडच्या तुरुंगात सक्तमजुरीची वर्षं.

ब्रह्मदेशातल्या दवेईच्या आठ ऑस्ट्रेलियन कैद्यांच्या नशिबी वाइल्डही नव्हता. ६ जून १९४२ ला, विमानतळाच्या कामावरून पळाल्याबद्दल, खटला नाही की चौकशी नाही, आठही जणांना गोळ्या घातल्या. त्यांचा ब्रिगेडियर व्हार्ली याला तिथे उभं राहून बघायला लावलं. त्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय, की ते एकमेकांना शुभेच्छा देत होते आणि कुणाच्याही तोंडावर भीती नव्हती.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. छावणीतून दहा माणसं गेली की मागे उरलेल्यांचं काय? रोजची हजेरी आहे. आकडा कमी भरला की उरलेल्यांना रात्रभर पावसात उभं करतील, शिधा तोडतील, आजाऱ्यांना कामावर हाकलतील. शेजारच्या बांबूच्या फळीवर पटकीने आडवा पडलेला दोस्त आहे, त्याला पाणी कोण पाजणार? या रेल्वेवरच्या कितीतरी ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आपल्या माणसांना पळू नका असंच बजावलं होतं. ते भित्रे नव्हते, त्यांना हिशेब कळत होता. मी त्यांना दोष देणार नाही. विल्किन्सनच्या तुकडीतला प्रत्येक माणूस कुणाला तरी मागे टाकून गेला, हेही खरंच.

पण हा हिशेब कुणी मांडला ते बघा. एकाच्या कृत्यासाठी सगळ्यांना शिक्षा करायला १९२९ च्या करारातच मनाई होती. ती शिक्षा ठरवली पहारेकऱ्याने, अंमल केला पहारेकऱ्याने, आणि पाप मात्र पळणाऱ्याच्या माथी. सेलारंगच्या मैदानातही तेच: रोगी आणून टाकीन असं म्हणणारा वेगळा, आणि 'तुमच्या हट्टापायी माणसं मरतील' याचं ओझं सही न करणाऱ्यांवर. ओलीस धरणाऱ्याचा डाव नेहमी असाच असतो. त्याला आपल्याकडून एकच गोष्ट हवी असते, आपण एकमेकांना दोष द्यावा. युद्धानंतर ब्रिटिशांनी चांगीच्या छावण्यांचा प्रमुख जनरल फुकुए याच्यावर खटला चालवला आणि एप्रिल १९४६ मध्ये त्याच किनाऱ्यावर त्याला गोळ्या घातल्या. त्या सूडाच्या नाट्याने मला काही समाधान वाटत नाही, पण जबाबदारी कुणाची, हा मुद्दा निदान योग्य माणसापाशी जाऊन थांबला.

आता दुसरं टोक. १३ ऑगस्ट १९७२ च्या पहाटेआधी रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीतून तीन भारतीय वैमानिक भिंत पोखरून बाहेर पडले: दिलीप परुळकर, मलविंदर सिंग गरेवाल आणि हरीश सिंहजी. परुळकर आपल्याकडचे. ऑगस्ट २०२५ मध्ये ते वारले. भिंत दीड फुटाची. हत्यारं म्हणजे स्क्रू ड्रायव्हर आणि असलंच काहीबाही. नकाशा म्हणून शाळेचा ॲटलास. बसने पेशावर, तिथून जमरूद, तिथून लंडी कोतल. अफगाण सरहद्द हाताशी आली होती. तिथे त्यांनी विचारलं, लंडी खाना स्टेशनला कसं जायचं? नकाशात ते स्टेशन होतं. पण १९३२ मध्येच तिथली गाडी बंद झालेली. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्टेशनची वाट विचारणारी माणसं इथली नाहीत, हे कुणालाही कळावं. पकडले गेले.

जिवंत राहिले. १ डिसेंबरला वाघ्यावरून घरी आले.

दवेई आणि लंडी कोतल यांच्यात मधे काय बदललं? १९४९ चा तिसरा जिनिव्हा करार आला, हे एक. त्याचं ९२ वं कलम फसलेल्या पलायनाला शिस्तभंगापलीकडे शिक्षा देऊ देत नाही, पुन्हा पुन्हा पळाला तरी. पुढचं कलम तर आणखी मोकळं आहे: पळताना साधे कपडे घातले, खोटी कागदपत्रं केली, स्वतःच्या फायद्यासाठी नसलेली चोरी केली, यालाही तेवढीच शिक्षा. करार करणाऱ्यांना ठाऊक होतं, की कैदी सभ्यपणे पळत नसतो. पण नुसत्या कलमांनी परुळकरांचे प्राण वाचले असं म्हणणं भाबडेपणा होईल. त्या ऑगस्टात भारताच्या छावण्यांत ९० हजारांवर पाकिस्तानी होते. कैद्याच्या पळण्याला माफी मिळते ती दयेपोटी नव्हे. समोरच्याच्या कोंडवाड्यात आपलीही माणसं आहेत, या जाणिवेपोटी. जपानला १९४२ मध्ये ती जाणीव नव्हती. शरण जाणं हीच नामुष्की मानणाऱ्या सैन्याला आपल्या पकडलेल्या शिपायांची काळजीच नव्हती. करार तिथे चालतो जिथे दोन्ही बाजूंना काहीतरी गमवायचं असतं.

मग ज्याच्यामागे कुठलंच सैन्य नाही, त्याचं काय?

त्याच रेल्वेवर साठ हजारांवर युद्धकैदी राबले, त्यांतले बारा हजारांवर मेले. हे आपण ऐकलेलं असतं. त्यांच्याबरोबर राबलेले आशियाई मजूर दोन लाखांच्या आसपास होते: मलायातले तमिळ, ब्रह्मी, जावाचे, मलय, चिनी. त्यांतल्या मृतांचा आकडा नव्वद हजारांच्या घरात धरला जातो, तोही अंदाजच, कारण हजेरीपट कुणी नीट ठेवलाच नाही. मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून तमिळ कुटुंबंच्या कुटुंबं उचलली. सुरुवातीला तीन महिन्यांचं काम, दिवसाला एक डॉलर, असं आमिष. माणसं पुरेनात तेव्हा फुकट सिनेमा दाखवतो म्हणून गोळा करायचं आणि दारं लावून घ्यायची. ही हकिगत त्या पिढीच्या तोंडून पुन्हा पुन्हा आली आहे. युद्धकैद्यांबरोबर निदान त्यांचे डॉक्टर होते, अधिकारी होते, उकळलेलं पाणीच प्यायचं ही शिस्त होती. मजुरांकडे यांतलं काहीच नाही.

त्यांतले पुष्कळ पळाले. जंगलात गेले, रुळांच्या कडेने उलटे चालू लागले, पटकीने वाटेत पडले किंवा पकडून परत आणले गेले. त्यांच्यासाठी कुणी शपथेचा कागद काढला नाही. खटल्याची गरजच नव्हती आणि जिनिव्हाचं कलमही नव्हतं. विल्किन्सनच्या दहा जणांवर पुस्तक आहे. थायलंडातल्या कांचनाबुरीच्या युद्धस्मशानात सुमारे सात हजार थडगी रांगेत, कातरलेल्या हिरवळीवर. मजुरांचे सांगाडे १९९० मध्ये त्याच कांचनाबुरीत शेत खणताना शेकड्यांनी निघाले. अधिकारी पळाला की ते पलायन. तमिळ मजूर पळाला की कामावरचा एक माणूस कमी.

आणि आता ती जुनी युक्ती. मजुराचं पळणं हा गुन्हा, हे हिंदुस्थानात लिहून कुणी ठेवलं? इंग्रजांनीच. १८५९ सालचा तेरावा कायदा. मजुराने आगाऊ पैसे घेतले आणि काम अर्धं टाकून गेला, तर धनी थेट मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकत होता. मॅजिस्ट्रेट सांगणार, पैसे फेड नाहीतर काम कर. दोन्ही नाही जमलं तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. आधी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांसाठी केलेला हा कायदा पुढे पसरत गेला, आसामच्या चहामळ्यांत तर तो धन्यांचा आवडता झाला, आणि १९२० च्या दशकात जाऊन रद्द झाला. आगाऊ रकमेपुढे अंगठा उमटला की मजुराचा पाय बांधला गेला. सेलारंगच्या मैदानात इंग्रज अधिकारी जो युक्तिवाद छाती पुढे काढून करत होते, की जबरदस्तीची सही ही सही नव्हे, तो त्यांच्या बापजाद्यांनी आपल्या कुल्यांना कधी करू दिला नव्हता. मी हे खिजवायला लिहीत नाही. युक्तिवाद बरोबरच होता. फक्त तो सगळ्यांसाठी बरोबर होता.

आपल्याकडे आजही ऊसतोडीचा हंगाम उचलीवर चालतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, कोयत्यामागे ठरलेली उचल, ती पावसाळ्यातच घरखर्चाला, लग्नाला, जुन्या देण्याला संपलेली. हंगामाच्या मध्यात जोडपं गावी निघून गेलं, तर मुकादमाच्या तोंडी पहिलं वाक्य असतं: 'उचल घेऊन पळाले.' मुकादमाचीही एक बाजू आहे. त्याने आणि वाहतूकदाराने कारखान्याकडून किंवा सावकाराकडून पैसे उचललेले असतात, आणि दोन-दोन मुकादमांकडून उचल घेणारे मजूरही असतात. फसवणूक होतेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण पैशाचा वाद दिवाणी कोर्टात मिटवायचा असतो. पळालेल्याचा भाऊ डांबून ठेवणं, बैल किंवा मोटरसायकल ओढून नेणं, ठाण्यात जाऊन फसवणुकीचा गुन्हा नोंदवायला लावणं, हा १८५९ चाच कारभार आहे, फक्त रद्द झालेला कायदा रिवाज म्हणून चालू.

१९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असं कर्जच संपुष्टात आणलंय. १९८२ च्या एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुढचं पाऊल टाकलं: भुकेपोटी किमान वेतनाहून कमी पैशांत राबणं हीसुद्धा सक्तीच. म्हणजे दांडका दिसला नाही म्हणून काम स्वखुशीचं ठरत नाही. एवढं सगळं कागदावर असताना ठाणे अंमलदारापुढे मात्र मुकादमाच्या हातात अंगठ्याचा कागद असतो आणि पळालेल्याच्या हातात काहीच नसतं. माझं म्हणणं इतकंच, की त्या अंमलदाराने पहिला प्रश्न 'किती घेतले होते?' हा विचारू नये. काम किती तास होतं, मजुरी काय पडत होती, मधे घरी जाऊ दिलं होतं का, आजारी पडल्यावर काय केलं, हे आधी विचारावं. ही चौकशी सुरुवातीला झाली, तर निम्म्या तक्रारी गुन्हा नोंदवायच्या आधीच उलट्या फिरतील आणि तक्रारदारालाच जबाब द्यायला बसावं लागेल.

नूर मोहम्मद या कोळ्याला सोनकुराईतून पळताना जिनिव्हाचं कुठलं कलम लागू होतं, हे त्या नऊ गोऱ्यांपैकी कुणी त्याला विचारलं नसणार. पुढे ओढ्यांतून आणि बांबूतून चालताना कोयता मात्र सगळ्यांच्या हातात आळीपाळीने आला असेल.